खुंटा, दावं आणि बोट

"काय रे, यॉट घेतलीस म्हणे! झालास ना शेवटी करोडपती?"

पुण्याहून कॉलेजच्या मित्राचा फोन होता. कुणीतरी त्याला माझा फोटो दाखवला असावा. फोटोत मी सुकाणू धरून उभा, मागे शीड, डोळ्यांवर काळा गॉगल. अशा फोटोवरून माणसाच्या बँक बॅलन्सबद्दल गैरसमज होणं साहजिक आहे. त्याला सांगितलं, बाबा रे, ही बोट माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि मी ती साडेतीन हजार पौंडांना घेतली. इथे एवढ्यात धड सेकंडहँड गाडी येत नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग ठेवतोस कुठे?"

बरोबर हाच प्रश्न! बोट विकत घेणं ही यातली सोपी गोष्ट. ती बांधायची कुठे, या प्रश्नावर इथली माणसं बारमध्ये तासन् तास भांडतात आणि आमच्या घरात तर या प्रश्नावरून एकदा तीन दिवस अबोला झाला होता. तेव्हा आज त्यावरच लिहितो. तुमच्यापैकी बहुतेकांना बोट बांधायची वेळ येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी गोष्ट कोकणात येऊन पोचते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा दापोली तालुक्यातला. वडील शाळेत शिक्षक. घरापासून हर्णैचा समुद्र सायकलवर जाण्याइतका जवळ. पण आमच्या घरातलं कुणी समुद्रात गुडघ्यापलीकडे गेल्याचं ऐकिवात नाही. समुद्र कोळ्यांचा, खारव्यांचा, भंडाऱ्यांचा. आमचा फक्त सूर्यास्त. पुढे साउदॅम्प्टनला येऊन पोलाद दमतं कधी, या विषयावर साडेचार वर्षं घालवली. शेवटी पोलादाआधी मीच दमलो आणि डॉक्टर झालो. आता खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या पोलादी रचना कशा झिजतात, यावर पोटापाण्याचं काम करतो. शिडाच्या बोटीत पहिल्यांदा बसलो तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका सहकाऱ्याने "शनिवारी काय करतोस?" असं विचारलं म्हणून. तेव्हापासून शनिवार गेलेच.

आमची बोट 'वेस्टर्ली सेंटॉर' जातीची. सव्वीस फूट लांब, वजन तीन टन. इंग्लंडमध्ये या बोटीला साधारण तो मान आहे जो आपल्याकडे मारुती ८०० ला होता. १९६९ साली ती बाजारात आली आणि पुढच्या अकरा-बारा वर्षांत चोवीसशेहून जास्त बनल्या. मध्यमवर्गाला समुद्र दाखवणारी बोट. हिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन कणे असतात, त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलात शहाण्या म्हशीसारखी सरळ बसते, कलंडत नाही. हा गुण पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आता बांधण्याचे दोन प्रकार. मरीना म्हणजे बोटींची दावण. तरंगते लाकडी फलाट, दोन्ही बाजूंना बोटी ओळीने बांधलेल्या. फलाट पाण्याबरोबर वर-खाली होतो, म्हणून भरती असो की ओहोटी, तुम्ही घरच्या चपला घालून बोटीवर चढू शकता. वीज आहे, पाण्याचा नळ आहे, गरम पाण्याचे शॉवर आहेत, गेटला कुलूप आहे, सामान न्यायला ढकलगाडी आहे. थोडक्यात, बोटींची कोऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी.

स्विंग मूरिंग म्हणजे खुंटा आणि लांब दावं. समुद्राच्या तळाशी काँक्रीटचा जड ठोकळा किंवा मोठा नांगर पुरलेला, त्याला साखळी, साखळीच्या वरच्या टोकाला तरंगता बोया. बोटीचं फक्त नाक त्या बोयाला बांधायचं. बाकी बोट मोकळी. वारा वळला की ती वळते, भरतीची ओहोटी झाली की फिरून उलटी उभी राहते. माळावर खुंट्याला बांधलेली गाय गोल फिरून चरते, अगदी तसं. हिशेबच करायचा तर दिवसाला जवळजवळ चार वेळा प्रवाह उलटतो, म्हणजे वर्षाला सुमारे चौदाशे वेळा आमची बोट पाठ फिरवते. तिथे वीज नाही, नळ नाही, आणि मुख्य म्हणजे रस्ता नाही. काठावरून छोट्या होडक्यात बसून वल्हवत जायचं. हे होडकं या सगळ्या गोष्टीतलं खलपात्र आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

आमचं मूरिंग चिचेस्टर हार्बरमध्ये, एम्सवर्थच्या बाजूला. हार्बर म्हटल्यावर क्रेन आणि गोदामं डोळ्यांसमोर आणू नका. हे म्हणजे आपल्या खाडीसारखं प्रकरण आहे. भरतीला पसरलेलं चकाकतं पाणी, ओहोटीला मैलभर खाजण आणि त्यात चोची खुपसून हिंडणारे पक्षी. उधाणाच्या भरती-ओहोटीत इथे सुमारे चार मीटरचा फरक पडतो, म्हणजे आपल्या मुंबईशी तुलना होईल इतका. जवळच बोशॅम नावाचं गाव आहे. भरतीला 'थांब' म्हणून हुकूम सोडणाऱ्या कॅन्यूट राजाची गोष्ट याच गावात घडली असं तिथले लोक सांगतात. त्या गावात काठावरचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. तिथे गाडी लावून जेवायला गेलेले पाहुणे परत येतात तेव्हा गाडीच्या खिडकीपर्यंत पाणी असतं. म्हणजे हजार वर्षांत भरतीने कुणाचंच ऐकलेलं नाही.

आता पैशाचं बोलू, कारण आपण मराठी माणसं. दक्षिण किनाऱ्यावर आठ मीटरच्या बोटीला मरीनात वर्षाला पाच-सहा हजार पौंड सहज पडतात. आमच्या चिखलातल्या मूरिंगला काही शे पौंड. म्हणजे मरीनात एक वर्ष बोट ठेवायचे पैसे बोटीच्या किमतीपेक्षा जास्त! गाय साडेतीन हजाराची आणि गोठ्याचं भाडं पाच हजार. मरीनाला पर्याय नसता, तर माझ्यासारख्या पगारदाराने बोट घेतलीच नसती. माझ्या आजूबाजूच्या बोयांवर निवृत्त पोस्टमन आहे, नर्स आहे, एक गवंडी आहे, शाळेतले दोन शिक्षक आहेत. या देशात शिडाची बोट हा फक्त लॉर्ड लोकांचा खेळ राहिलेला नाही, त्याचं बरंचसं श्रेय या चिखलातल्या खुंट्यांना आहे.

अर्थात खुंटा मनाला येईल तिथे ठोकता येत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यातून बोट नेण्याचा हक्क इथे सगळ्यांना आहे. पण तळाशी कायमचं मूरिंग टाकायला तळाच्या मालकाची परवानगी लागते, आणि बहुतेक ठिकाणी हा मालक म्हणजे 'क्राउन एस्टेट', राजसत्तेच्या नावाने असलेली मालमत्ता. इंग्लंड-वेल्सच्या भोवतालचा बारा सागरी मैलांपर्यंतचा जवळजवळ सगळा तळ आणि साधारण निम्मी किनारपट्टी त्यांची. चिचेस्टरला तर १९७१ च्या कायद्याने नेमलेली एक वेगळी संस्था हार्बरचा कारभार बघते. यादी असते, नंबर असतो, दर वर्षी पावती फाडायची असते. खुंटा स्वस्त असला तरी बेवारशी नाही. हा मुद्दाही पुढे कोकणात लागणार आहे.

"पण वादळात काय? नुसत्या एका दोरीवर बोट?" हा प्रश्न आईने विचारला, बायकोने विचारला, विमा कंपनीनेही विचारला. तेव्हा इंजिनिअर म्हणून उत्तर देतो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. ताशी ७४ किलोमीटरचा वारा, म्हणजे इथल्या भाषेत ४० नॉट, आमच्या बोटीच्या नाकावर आला तर ओढ भरते साधारण १३० किलो. वारा दुप्पट झाला की ती चौपट. बोयावरची बोट आपोआप नाक वाऱ्याकडे करते, म्हणून अंगावर घेते ते कमीत कमी. मरीनात बांधलेल्या बोटीला वळता येत नाही. तोच वारा आडवा आला तर पसारा अडीच पट आणि जोरही अडीच पट. पण मरीनात लाटा नसतात, आणि लाटेचा झटका वाऱ्याच्या ओढीपेक्षा फार वाईट. तेव्हा हा सामना साधारण बरोबरीत सुटतो.

खरा शत्रू वेगळाच आहे: झीज. साखळीचा जो भाग प्रत्येक भरतीला तळावरून उचलला जातो आणि ओहोटीला पुन्हा टेकतो, तो सगळ्यात आधी खलास होतो. १३ मिलिमीटरची कडी झिजून ९ मिलिमीटर झाली की तिची ताकद निम्म्याहून कमी होते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. बोया तसाच हसरा, नारिंगी. म्हणून ठरावीक काळाने सगळी साखळी वर काढून कड्या मोजाव्या लागतात. दुसरी जागा म्हणजे बोटीच्या नाकावर दोरी घासते ती. तिथे मी दोरीला आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपाचा तुकडा चढवला आहे. पीएचडीचा घरगुती उपयोग एवढाच.

आणि मरीना म्हणजे सुरक्षित, या समजुतीलाही एक तारीख आहे. मार्च २०१८ च्या सुरुवातीला 'एमा' नावाचं वादळ आलं तेव्हा वेल्समधली होलिहेडची मरीना एका रात्रीत मोडून पडली. तिथला लाटा अडवणारा बांध साधासुधा नाही. १८४८ ते १८७३ अशी पंचवीस वर्षं खपून बांधलेला, दीड मैलाहून लांब, ब्रिटनमधला सगळ्यात लांब. पण त्या रात्री वारा ईशान्येचा होता आणि त्या बाजूने मरीना उघडी होती. फलाटच सुटले आणि फलाटाबरोबर बोटी. सुमारे ऐंशी बोटी बुडाल्या किंवा मोडल्या. तरंगत्या फलाटांच्या पोटातला थर्मोकोल किनाऱ्यावर बर्फासारखा पसरला. दावण तुटली की एकट्या गाईचं नुकसान होत नाही.

आपल्याकडे हे १७५६ सालीच कळलं होतं म्हणा. त्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या तोफा विजयदुर्गावर चालून आल्या तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभं होतं. गोळा पडून एक जहाज पेटलं, आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सगळं आरमार जळून गेलं. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहात या प्रसंगाचं डॉमिनिक सेर्सने काढलेलं मोठं चित्र आहे. मराठी माणसाने ते बघावं, पण जेवणानंतर बघू नये.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा तर मूरिंगचा वकील निघाला. वकील होतोच. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत तर बिनशर्त.

त्या सप्टेंबरात आई-बाबा आले होते. आई पाण्याच्या बाबतीत ठाम. ती काठावरच्या बाकावर नातीला घेऊन बसली. बाबांना मी बोटीवर नेलं. दिवस सुरेख गेला. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आयुष्यात पहिल्यांदा शिडाच्या बोटीत. दोन तास सुकाणू त्यांच्याकडेच होतं. कोपऱ्यातला विद्यार्थी अचानक हुशार निघावा तसं त्यांचं झालं होतं, परत फिरायचं नावच घेईनात. आणि मीही त्यांना घाई केली नाही. व्हायचा तो उशीर झाला. बोट बोयाला बांधली तेव्हा ओहोटी चांगली लागली होती आणि अंधारून येत होतं.

होडक्यात बसलो, दोरी सोडली, इंजिनाची दोरी ओढली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा ओढली, पुन्हा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मी उघडलेलाच नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. दरम्यान काठ सरकत होता. वल्ही घेतली तर एका बाजूचा आकडा, ज्यात वल्हं अडकवतात तो, गाडीच्या डिकीत राहिलेला. एका वल्ह्याने होडकं गोल फिरतं, पुढे जात नाही. ओहोटी आम्हाला हार्बरच्या तोंडाकडे नेत होती. तोंडाबाहेर वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीत त्यावर लाटा फुटतात. वायरलेस घरी चार्जिंगला. लाइफजॅकेट बाबांच्या अंगात होतं. माझं मी बोटीवर काढून ठेवलं होतं, कारण पाचच मिनिटांचा तर प्रवास.

सप्टेंबरात इथलं पाणी वर्षातलं त्यातल्या त्यात ऊबदार, म्हणजे सतरा-अठरा अंश. तरी अचानक त्यात पडलं की पहिल्या मिनिटभरात श्वास ताब्यात राहत नाही आणि चांगला पोहणारा माणूस नाकातोंडात पाणी जाऊन बुडतो. हे मला माहीत होतं, मी त्यावर कोर्स केलेला होता. बाबांना काहीच माहीत नव्हतं आणि मी त्यांना सांगितलंही नाही. ते होडक्याच्या मध्यभागी हात मांडीवर ठेवून, शाळेत इन्स्पेक्शनला बसावं तसे, अजिबात न हलता बसले होते. आज वाटतं, आम्ही उलटलो नाही ते त्यांच्या त्या बसण्यामुळे.

खाली बोयावर असलेल्या एका परक्या बोटीच्या साखळीला मी हात घातला आणि धरून राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. शेवटी एका बोटीवर रात्र काढायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला आमच्या हाका ऐकू गेल्या. त्याने त्याच्या होडक्यातून येऊन आम्हाला ओढत काठाला नेलं. आभार मानले तर म्हणाला, "होतं असं," आणि निघून गेला. काठावर आई नातीला गाणं म्हणून दाखवत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

गाडीत बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हर्णैला पोरं होडकं सोडायच्या आधी वल्ही मोजतात रे." बस, तेवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी मात्र सगळं सांगावं लागलं आणि तोच तो तीन दिवसांचा अबोला. चौथ्या दिवशी बायकोने निकाल दिला: एकतर मरीना, नाहीतर बोट विक. तिचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. साखळीच्या झिजेचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत करणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाला एका वल्ह्यावर पाण्यात नेलं होतं. मी सगळी काळजी बोटीची केली होती. धोका बोट आणि काठ यांच्या मधल्या दोनशे मीटरमध्ये होता. बचावनौकांवर काम करणारे लोक हेच सांगतात की समुद्राला घाबरणारी माणसं होडक्याला घाबरत नाहीत, आणि तिथेच घात होतो.

म्हणून तो हिवाळा आम्ही मरीनात काढला. हिवाळ्यात सहा महिन्यांचा दर जरा कमी असतो. आणि खरं सांगतो, मजा आली. हीटर लावून मुलगी बोटीत चित्रं काढायची. बायको, जी एरवी मूरिंगवर यायला कुरकुरायची, ती स्वतःहून "चल, बोटीवर चहा पिऊ" म्हणायची. शेजारच्या बोटीवरच्या आजींनी लोणच्याच्या बदल्यात आम्हाला केक दिला. ऑफिस सुटल्यावर तासभर जाऊन येता येत होतं. मूरिंगवर हे शक्यच नाही. आमच्या चिखलात तर भरतीच्या अलीकडे-पलीकडे तीन तास सोडले तर बोटीपर्यंत पोचताच येत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांची मुलं लहान आहेत, जे एकटे आहेत, त्यांच्यासाठी मरीना ही चैन नाही. परवडत असेल तर त्यांनी बेलाशक घ्यावी.

पण मार्चमध्ये डायरी बघितली. त्या सहा महिन्यांत बोटीवर गेलो एकतीस वेळा. दोऱ्या सोडून बाहेर पडलो पाच वेळा. हिवाळा होता हे खरं, पण त्याच फलाटावरच्या काही बोटींच्या दोऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. मरीनातून निघताना दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या महागड्या बोटी असतात, वारा आडवा असला की निघायची छाती होत नाही, आणि बसल्या जागी चहा मिळतोच आहे. मूरिंगवर उलट. तिथे पोचायलाच एवढी खटपट की पोचल्यावर नुसतं बसून परत येणं परवडत नाही. बोया सोडायचा, शीड उभारायचं, निघायचं.

एप्रिलमध्ये आम्ही मूरिंगवर परत आलो, पण बायकोच्या अटींवर. त्या अटी फ्रीजवर लावलेल्या आहेत. काठापासून काठापर्यंत सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट. वल्ही आणि त्यांचे आकडे होडक्याला दोरीने कायमचे बांधलेले. वायरलेस खिशात, पिशवीत नाही. अंधार पडल्यावर होडकं नाही. उशीर झाला तर रात्र बोटीवर. बिअर काठावर आल्यावर. आणि ऑक्टोबर संपायच्या आत बोट जमिनीवर. यात बोटीबद्दलची अट एकच आहे, बाकी सगळ्या माणसांबद्दल. माझं मत असं झालं आहे की, या अटी पाळणार नसाल तर मूरिंग घेऊ नका, आणि पाळणार असाल तर मरीनाचे पाच हजार वाचवा.

मूरिंगच्या विरोधात एक मुद्दा मात्र मला अजून बोचतो. गाय गोल फिरून चरते तेव्हा खुंट्याभोवतीचं गवत संपतं. साखळीही तळावर तसंच करते. समुद्राच्या तळाशी जिथे गवत उगवतं तिथे प्रत्येक मूरिंगभोवती एक टकलाचं वर्तुळ पडतं. डॉर्सेटमधल्या स्टडलंड उपसागरात त्या गवतात समुद्रघोडे राहतात. २०१९ मध्ये तो भाग संरक्षित झाला आणि २०२१ पासून तिथे नवी मूरिंगं आली: तळात पिळून बसवलेला स्क्रू आणि त्याला लवचिक दोर, जो तळावर घासतच नाही. साखळीवर पगार घेणाऱ्या मला हे मान्य करावंच लागतं की इथे दोर साखळीपेक्षा शहाणा आहे.

आता कोकण.

'मरीना' हा शब्द अधूनमधून आपल्याकडच्या बातम्यांत येतो. काचेच्या इमारती, पांढऱ्या बोटी, संध्याकाळचे दिवे असं एक चित्र छापून येतं. कोचीला बोलगट्टी बेटावर एक मरीना आहे. मुंबईत व्हावी म्हणून कित्येक वर्षं योजना निघत आल्या. होऊ दे, माझी हरकत नाही. पण मरीना झाली म्हणजे मराठी पोरं शिडाच्या बोटी चालवू लागतील, हा भ्रम आहे. त्यात येतील त्या ज्यांच्याकडे आधीच बोटी आहेत त्यांच्याच. गेटवेहून घारापुरीला जाताना पाण्यात डुलणाऱ्या ज्या पांढऱ्या बोटी दिसतात, त्या अशाच मोकळ्या पाण्यात उभ्या असतात आणि होडक्यातूनच तिथे जावं लागतं. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. म्हणजे मरीना नसताना तिथे पावणेदोनशे वर्षं बोटी चालल्या. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. आपलं अडलं ते मरीनावाचून नाही.

अडलं आहे ते साध्या गोष्टींवाचून. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्यांत तीसचाळीस तपासलेली, नंबर घातलेली मूरिंगं. ओहोटीतही उतरता येईल असा पायऱ्यांचा धक्का. बोट पाण्यात सोडायला एक उतार. पावती फाडणारा आणि ठरल्या वेळी साखळी वर काढून मोजणारा एक माणूस. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड १९९६ पासून आहेच. त्यांच्या एखाद्या मोठ्या प्रकल्पातल्या पार्किंगच्या खर्चात हे बसेल. पावसाळ्यात अर्थातच सगळं वर ओढायचं. ते आपल्याला कुणी शिकवायला नको, कोळी पिढ्यान् पिढ्या तेच करत आले. गंमत म्हणजे इथला हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो आणि तेव्हाच आपला सुरू होतो.

पण हे करताना एक गोष्ट विसरू नये. त्या खाड्या रिकाम्या नाहीत. माझ्या लहानपणी हर्णैला मोठ्या होड्या बाहेर नांगरलेल्या असायच्या आणि मासळी होडक्यांतून, पुढे बैलगाड्यांतून किनाऱ्यावर यायची. वादळाचा इशारा आला की त्या होड्यांना खाडीत आसरा शोधावा लागायचा. जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने त्या किनाऱ्याचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पहिले खुंटे त्यांचे. माझ्यासारख्या हौशी माणसाचा नंबर नंतर, आणि तोही त्यांच्याकडून वल्ही मोजायला शिकल्यावर.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. परवा फोनवर त्यांनी विचारलं, बोट अजून तिथेच आहे ना? म्हटलं, हो, बोयावरच. मग जरा थांबून म्हणाले, "बरं. त्या गृहस्थांचा पत्ता मिळाला तर बघ. हर्णैहून काजू आणीन म्हणतो."

पत्ता मला अजून मिळालेला नाही. दर शनिवारी त्या बोयाजवळून जाताना बघतो. असो.